बोडोनीची बारीक रेघ छापून येईपर्यंत

माझ्या मैत्रिणीने इटालियन कवितांचे इंग्रजी अनुवाद केले, त्याचं पुस्तक जूनमध्ये छापून हातात आलं. डाव्या पानावर मूळ कविता, उजव्या पानावर अनुवाद, शेवटी टिपा. अक्षरजुळणी आणि मांडणी माझी. टाइप, म्हणजे छापील अक्षरांची घडण, बोडोनी. काम हातात घेतलं तेव्हा या टाइपाबद्दल जो तो दोनच गोष्टी सांगत होता: दिसायला देखणा आहे, आणि पुस्तकाच्या मजकुराला चालत नाही. पहिली शंभर टक्के खरी. दुसरी अर्धीच खरी आहे. तो मजकुराला चालवायचा तर काय काय करावं लागतं हे मला कुठे सलग वाचायला मिळालं नाही. पुढच्या माणसाला तरी ते एका जागी मिळावं म्हणून सगळं क्रमाने लिहिते आहे.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आमचं टाइपावर बोलणं झालं. कविता अठराव्या शतकाच्या अखेरच्या, आणि बोडोनीही त्याच काळातला, त्याच भाषेतला. जाम्बात्तिस्ता बोडोनी १७४० साली सालुत्सोत जन्मला, १७६८ मध्ये पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख झाला आणि १८१३ साली वारला तोही पार्मातच. मैत्रिणीचा आग्रह एवढाच होता की पान त्या काळाचं वाटावं, पण जुनाट वाटू नये. हे म्हणणं मला मनापासून पटलं. बोडोनीचं पान आजही शिळं वाटत नाही.

ज्यांनी ही जातकुळी फक्त मासिकांच्या मुखपृष्ठांवर पाहिली आहे, त्यांच्यासाठी तिच्या अंगकाठीविषयी थोडं सांगते. उभ्या रेघा जाड आणि काळ्याभोर. आडव्या रेघा, जोड आणि सेरिफ (रेघांच्या टोकांना असलेल्या छोट्या आडव्या पट्ट्या) केसाएवढे बारीक. सेरिफ सपाट असतात आणि उभ्या दांड्याला थेट काटकोनात भिडतात, मध्ये भरीव वळण नसतं. गोल अक्षरांची जाडी बरोबर डावीकडे आणि उजवीकडे बसते. मोठ्या 'ओ'च्या वरच्या-खालच्या सर्वांत बारीक जागा जोडणारी रेघ ओढली तर ती सरळ उभी येते. त्याआधीच्या रोमन टाइपांत ती कललेली असे, कारण त्यांच्यामागे रुंद टोकाचं, तिरकं धरलेलं पेन होतं. बोरूने देवनागरी गिरवलेल्यांना हे लगेच कळेल: तिथे जाड-बारीक ठरतं ते कापाच्या कोनावरून. बोडोनीच्या मागे मात्र टोकदार, लवचीक निब आहे. दाब दिला की रेघ फुगते, दाब उचलला की बारीक होते. म्हणून जाड आणि बारीक यांच्यातली तफावत इथे इतकी टोकाला जाऊ शकते.

ही टोकाची तफावत एका रात्रीत आली नाही. चौदाव्या लुईच्या हुकमाने १६९२ मध्ये फ्रान्समध्ये ज्या राजटाइपाचं काम सुरू झालं, त्यातच सेरिफ सपाट आणि बारीक झाले होते. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलने १७५७ मध्ये व्हर्जिल छापला तेव्हा त्याने अधिक काळी शाई वापरली आणि छापलेले कागद गरम पत्र्यांमध्ये दाबून गुळगुळीत केले. रेघ बारीक करायची तर कागद आणि शाईही तशीच लागते हे त्याने ओळखलं होतं. पॅरिसमध्ये फिर्मॅं दिदोने १७८४ च्या सुमारास हे वळण शेवटाला नेलं, आणि पार्मात बोडोनीने. पुढे या कुळाला दिदो आणि बोडोनी या दोघांची नावं जोडून 'दिदोनी' म्हणू लागले. जर्मनीतला व्हालबाउम याच घरातला, आणि माझ्या मते त्यांच्यातला सगळ्यात मायाळू.

डोळ्यांना त्रास होतो ही तक्रारही तेव्हापासूनचीच. बेंजामिन फ्रँकलिनने १७६० मध्ये बास्करव्हिलला लिहिलेल्या पत्रात एक किस्सा आहे. बास्करव्हिलच्या टाइपाच्या बारीक रेघांनी लोक आंधळे होतील असं म्हणणाऱ्या एका गृहस्थापुढे फ्रँकलिनने कॅसलन या दुसऱ्या इंग्रज टाइपकाराच्या टाइपाचा नमुना ठेवला आणि तो बास्करव्हिलचा आहे असं सांगितलं. गृहस्थांना त्यातही डोळे दुखवणारे दोष दिसले. हा किस्सा मला आवडतो, पण त्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. उभ्या काळ्या रेघा ओळीने उभ्या राहिल्या आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर नजर ओळीवरून सरकायऐवजी उभ्या गजांवर अडखळते. डोळ्यांसमोर चमकल्यासारखं होतं. ते टाळायचं कसं, एवढाच पुढच्या सगळ्या महिन्यांचा विषय होता.

नोव्हेंबरमध्ये मी वेगवेगळ्या बोडोनी जमवून बघायला बसले. बोडोनी हे एका फाइलचं नाव नाही, हे ध्यानात ठेवायला हवं. अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात काढलेला बोडोनी वेगळा, जर्मनीत हाइनरिख योस्टने १९२६ मध्ये केलेला बाउअर बोडोनी वेगळा, आणि आयटीसी या अमेरिकन टाइप-कंपनीचा १९९४ चा बोडोनी आणखी वेगळा. बाउअरच्या रेघा अतिशय नाजूक आहेत. बेंटनचा थोडा ठोकळेबाज, पण कणखर. आयटीसीवाली मंडळी पार्माला जाऊन मूळ ठसे आणि छापील पानं पाहून आली होती, आणि त्यांनी एक नव्हे, तीन वळणं काढली: ६, १२ आणि ७२ पॉइंटांसाठी (पॉइंट हे अक्षराच्या मापाचं एकक).

ही तीन वळणं शेजारी ठेवून पाहिली आणि सगळ्या कामाची किल्ली हाती आली. धातूचे सुटे अक्षर-खिळे जुळवून छापत त्या काळात प्रत्येक मापाचा खिळा वेगळा कोरावा लागे. लहान मापाचं अक्षर कोरताना कारागीर ते जरा रुंद करी, बारीक रेघ जाड ठेवी, अक्षरांमध्ये थोडी जास्त मोकळीक सोडी. मोठ्या मापाला मात्र रेघ हवी तेवढी बारीक नेता येई. बोडोनीने तर जवळजवळच्या मापांचीही कितीतरी वळणं कोरली. त्याच्या विधवा पत्नीने, मार्गेरिताने, १८१८ मध्ये दोन खंडांत छापलेल्या 'मान्युआले तिपोग्राफिको' या त्याच्या टाइपांच्या नमुनाग्रंथात ती ओळीने दिसतात. पुढे फोटो-जुळणी आली, मग संगणक आला, आणि एकच चित्र सगळ्या मापांना ताणून वापरायची सवय लागली. ७२ पॉइंटांसाठी काढलेलं अक्षर १० पॉइंटाला वापरायचं आणि मग म्हणायचं की बोडोनी वाचवत नाही. दोष टाइपाचा नसतो, माप चुकलेलं असतं.

हिशोब करून पाहा. समजा, मोठ्या मापाच्या वळणात बारीक रेघ अक्षराच्या मापाच्या १०० व्या भागाएवढी आहे. ७२ पॉइंट म्हणजे २५.४ मिलिमीटर, तर रेघ पाव मिलिमीटर. सुंदर. तेच अक्षर १० पॉइंटाला आणलं की रेघ ०.०३५ मिलिमीटर उरते. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके) लेझर प्रिंटरचा एक ठिपकाच ०.०४२ मिलिमीटरचा असतो, म्हणजे रेघ ठिपक्याहूनही बारीक. छापखान्यात ज्या पत्र्यावरून छापतात त्या २४०० डीपीआयच्या प्लेटवर ती जेमतेम तीन ठिपक्यांची होते आणि नंतर कागद व शाई जे करतील ते. कुठलाही दिदोनी टाइप निवडण्याआधी हे गणित कागदावर मांडा, निम्मी भीती तिथेच जाते.

म्हणून निवड करताना मी फक्त एकच अट ठेवली: मजकुराच्या मापाचं आणि टिपांच्या मापाचं वळण वेगवेगळं मिळायला हवं. त्याखाली बाकीच्या गोष्टी: इटालियन स्वरांवरचे आघात, स्मॉल कॅप्स (लहान अक्षरांच्या उंचीची मोठी अक्षरं), जुन्या पद्धतीचे खालीवर होणारे आकडे. आकड्यांकडे लोक दुर्लक्ष करतात. मोठ्या अक्षरांच्या उंचीचे बोडोनी आकडे मथळ्यात फार डौलदार दिसतात, पण ओळीत सन आला की तेवढाच तुकडा काळा ठिपका होऊन बसतो.

डिसेंबर महिना परवान्यात गेला. या टप्प्यावर मला खरंच एकटं वाटलं, कारण परवान्याच्या भाषेतून आपल्या कामाचं उत्तर काढणं कठीण असतं. आमच्या दोघींच्या मिळून दोन संगणकांवर टाइप लागणार होता. शिवाय छापखान्याला पीडीएफ जाणार, पुस्तकातली काही पानं नमुना म्हणून खुली ठेवायची, ई-पुस्तक निघणार आणि एक छोटं संकेतस्थळही. मला वाटलं होतं टाइप विकत घेतला की झालं. तसं नसतं. संगणकावरच्या वापराचा परवाना संगणकांच्या संख्येवर, संकेतस्थळाचा बहुधा महिन्याला किती पानं पाहिली जातात त्यावर, ई-पुस्तकाचा दर पुस्तकामागे वेगळा, ॲपचा आणखी वेगळा. काही परवाने छापखान्याला मूळ फॉन्ट फाइल द्यायची परवानगी देतात, काही फक्त पीडीएफमध्ये अंतर्भूत करायची.

९ डिसेंबरला मी टाइप विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं. आपोआप आलेली पोच मिळाली आणि मग शांतता. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं, त्यात छपाईचं स्पष्ट होतं पण ई-पुस्तकाचं नव्हतं. पुन्हा विचारलं; फेब्रुवारी उजाडल्यावर खुलासा आला. या वाट पाहण्याने जीव टांगणीला लागला होता, कारण टाइप पक्का झाल्याशिवाय पानांची संख्या पक्की होत नाही, आणि पानं पक्की झाल्याशिवाय छापखाना भाव देत नाही. तुम्ही हे करणार असाल तर परवान्याचं पत्र पहिल्या दिवशी धाडा, आणि प्रश्न सुटे-सुटे, क्रमांक घालून विचारा. 'मला पुस्तकासाठी वापरायचा आहे' असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. मिळालेलं उत्तर परवान्याच्या प्रतीसोबत जपून ठेवा.

खर्चाचं म्हणाल तर आम्हाला लागणाऱ्या वळणांचा छपाईचा परवाना आमच्या कागदाच्या बिलाच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी होता. जड होता तो ई-पुस्तकाचा भाग. तो आम्ही घेतला नाही, त्याविषयी पुढे.

खुल्या परवान्याचे टाइपही आहेत, आणि पैशांची अडचण असेल तर आधी तिकडेच पाहा. एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली येणारे टाइप विक्रीच्या पुस्तकातही वापरता येतात, पीडीएफमध्ये अंतर्भूत करता येतात, गरज पडली तर बदलताही येतात. टाइप नुसता सुटा विकता येत नाही, आणि निर्मात्याने नाव राखून ठेवलं असेल तर बदललेल्या टाइपाला ते नाव देता येत नाही. या परवान्याखाली येणाऱ्या बोडोनी मोदा या टाइपात ६ पासून ९६ पॉइंटांपर्यंत मापाप्रमाणे वळण बदलण्याची सोय आहे, म्हणजे खिळे कोरणाऱ्यांचं शहाणपण एका फाइलमध्ये. गणिताची पुस्तकं करणाऱ्यांना हे नवं नाही: संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथचा कंप्युटर मॉडर्न हा टाइप हाही याच कुळातला, आणि त्याचं साधं रोमन वळण ५ पासून १७ पॉइंटांपर्यंत वेगवेगळ्या मापांसाठी वेगळं केलेलं आहे. म्हणूनच त्यातले छोटे घातांकसुद्धा वाचता येतात.

उत्तराची वाट पाहत असताना चाचणीचे टाइप वापरून मी छपाईचे नमुने काढून घेतले, आणि या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त शिकले ते याच पायरीवर. घरच्या प्रिंटरवर भरवसा ठेवू नका. तिथे टोनर रेघ कधी फुगवतो, कधी तोडतो; दोन्ही खोटं. मी छापखान्याला विनंती केली की दुसऱ्या कुठल्या कामाच्या प्लेटवर रिकामा कोपरा असेल तर माझा तुकडा बसवा. त्यांनी आनंदाने बसवला आणि खर्चही किरकोळ लावला. त्या तुकड्यावर एकच कविता मी तीन वळणांत, तीन मापांत घातली होती, आणि ती तीन कागदांवर छापून घेतली.

गुळगुळीत आर्ट पेपरवर प्रत्येक रेघ जशी काढली तशी उतरली. पाहताक्षणी जीव हरखला. पण दोन पानं वाचली आणि डोळे शिणले: चकाकणारा शुभ्र कागद, काळीकुट्ट उभी रेघ, मध्ये काहीच नाही. खरबरीत पांढऱ्या कागदावर शाई पसरून रेघ जाड झाली, पण कडा फाटल्यासारख्या दिसू लागल्या. तिसरा कागद क्रीम रंगाचा, लेप नसलेला पण चांगला दाबून सपाट केलेला. त्यावर मजकुराच्या मापाचं वळण इतकं शांत बसलं की मैत्रिणीने टाइप कुठला ते विसरून कविता वाचायला सुरुवात केली. मला तेवढंच हवं होतं. कागद तिथेच ठरला.

इथे एक तांत्रिक बाब आहे, ती समजली की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. जुन्या छपाईत धातूचा खिळा ओलसर कागदात रुतत असे, आणि शाई कडांच्या बाहेर थोडी ढकलली जाई. पानावर उमटलेली रेघ खिळ्यावरच्या रेघेहून जाड असे. कोरणारा ते धरूनच कोरी. आजची ऑफसेट छपाई सपाट आहे, दाब जवळजवळ नाही. त्यामुळे जो टाइप खिळ्यांवरून रेखला गेला तो छापील पानावर मूळ पुस्तकाहून कृश दिसतो, आणि जो छापील पानांवरून रेखला गेला तो भरलेला दिसतो. टाइपाच्या माहितीपत्रकात हे सहसा दिलेलं असतं. मजकुरासाठी दुसऱ्या प्रकारचा घ्या.

फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंत मांडणी चालली. कवितेला ११ पॉइंट, ओळींमधलं अंतर १५.५. गद्य प्रस्तावनेला तेच माप, पण ओळीत साधारण ६० ते ६५ अक्षरं मावतील एवढीच रुंदी. दिदोनी टाइपाला ओळींमध्ये हवा लागते. ओळी दाटल्या की उभ्या रेघा वरच्या-खालच्या ओळींशी जुळून पानभर पट्टे दिसायला लागतात. मुद्दाम डोळे किलकिले करून पान पाहा. राखाडी एकसारखी दिसली तर ठीक, पट्टे दिसले तर अंतर वाढवा. अक्षरांमधली जागा चुकूनही कमी करू नका. मोठ्या मथळ्यात ती आवळलेली शोभते, मजकुरात नाही.

जाड वजन आतल्या पानांत कुठेही वापरलं नाही. बोडोनीचा बोल्ड मुळात भित्तिपत्रकांच्या वंशातला वाटतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या ओतशाळांनी याच आराखड्यावरून जाहिरातींसाठी अतिजाड टाइप काढले, आणि भिंतीवर ते अजूनही बाजी मारतात. कवितेच्या शेजारी मात्र तो ओरडतो. जोर द्यायला इटॅलिक, भाग वेगळे करायला मोकळी जागा आणि स्मॉल कॅप्स, एवढं पुरलं.

टिपांचा प्रश्न वेगळा होता. त्या ८ पॉइंटांत, आणि त्यांत सनावळ्या, संक्षेप, ओळींचे क्रमांक. एका अनुभवी जाणकाराने टिपांसाठी दुसराच, साधा टाइप घ्या असं सुचवलं. सल्ला वाईट नव्हता. सेंच्युरी हा टाइप १८९४ मध्ये एका मासिकासाठी निघाला तोच मुळी बारीक रेघा जाड करून वाचनीयता वाढवण्यासाठी. पण लहान मापाचं बोडोनी वळण ८ पॉइंटाला लावून पाहिलं आणि पान एका घरातलं राहिलं. त्या वळणात सेरिफ चांगले ठसठशीत आहेत, लहान 'ई'चं पोट मोकळं आहे, अक्षरं रुंद आहेत. मोठं करून पाहिलं तर ओबडधोबड दिसतं. त्याच्या मापाला मात्र ते कुणाच्या लक्षातही येत नाही, आणि हीच त्याची कारागिरी.

शीर्षकपानावर मात्र मी मोठ्या मापाचं वळण मनसोक्त वापरलं. ६० पॉइंट, सगळी मोठी अक्षरं, थोडी सुटी-सुटी. या आकाराला प्रत्येक दोन अक्षरांमधली फट हाताने बघावी लागते. 'ए' आणि 'व्ही', 'टी' आणि 'ओ' या जोड्या आपोआप जुळत नाहीत. मग भोवती नक्षी, चौकट, रेघ काहीही नाही. बोडोनीने आपल्या नमुनाग्रंथाच्या प्रस्तावनेत चांगल्या टाइपाचे चार गुण सांगितले आहेत: नियमितपणा, नेटकेपणा, सुरुची आणि लालित्य. त्याची उत्तरकाळातली शीर्षकपानं पाहिली की कळतं, हे चारही गुण दिसायला रुंद समास लागतात. समास कमी करून पानं वाचवायचा विचार खर्चाच्या वेळी आला होता. मैत्रीण ठाम राहिली, आणि तिने केलं ते योग्यच केलं.

मुखपृष्ठ गडद निळं, त्यावर पांढरी अक्षरं. उलट्या छपाईत शाई चारी बाजूंनी अक्षरात शिरते आणि बारीक रेघ बुजते. त्यामुळे नाव मोठ्या वळणात, आणि खालचं सगळं मजकुराच्या वळणात, एक पायरी वजनदार. निळा रंग चार रंगांच्या मिश्रणातून न आणता एकाच तयार शाईचा घेतला, कारण चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी त्या रेघांत रंगीत कडा दिसतात. एका शाईचा भाव वेगळा लागला, पण मुखपृष्ठाला दुसरा रंगच नव्हता, त्यामुळे एकूण फरक पडला नाही.

आयएसबीएनसाठी मार्चमध्येच अर्ज केला. छापील प्रतीला एक आणि ई-पुस्तकाला दुसरा, कारण प्रत्येक स्वरूपाला स्वतंत्र १३ आकडी क्रमांक लागतो. क्रमांक एप्रिलमध्ये आले. अर्जात लिहिलेलं शीर्षक आणि पुस्तकाच्या शीर्षकपानावरचं शीर्षक अक्षर न् अक्षर एक असू द्या. बारकोडखालचे आकडे सुंदर टाइपात बसवायचा मोह आवरा. यंत्रासाठी ठरलेले आकडेच ठेवा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फाइल छापखान्याला गेली. त्यांच्या मागणीपत्रात पीडीएफ-एक्स (छपाईसाठीचं पीडीएफ), कडेला ३ मिलिमीटर जादा, सगळा मजकूर केवळ काळ्या प्लेटवर, ही नेहमीची कलमं होती. अक्षरांच्या बाह्यरेषा करून द्या, म्हणजे मजकुराचे नुसते आकार करून द्या, असंही एक कलम होतं. मी विनंती केली की तसं न करता फॉन्ट अंतर्भूत ठेवू द्या. बाह्यरेषा केल्या की मजकूर शोधता येत नाही आणि शेवटच्या क्षणी एक अक्षर दुरुस्त करणंही अवघड होतं. ते कबूल झाले. दुसरी विनंती अशी होती की तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक रेघा आपोआप जाड करण्याची सोय असते, ती आमच्या कामाला लावू नये. आणि तिसरी, त्यांच्या संगणकावरचा 'बोडोनी' आमच्या फाइलमध्ये बदली म्हणून येऊ नये. नाव तेच, टाइप दुसरा, असं सहज होऊ शकतं. या तिन्ही गोष्टी कामाच्या कागदावर लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं पाळी बदलली की पुढच्या माणसापर्यंत पोचत नाही.

प्रूफ आलं तेव्हा भिंग घेऊन बसले. पाहायच्या जागा ठरलेल्या: लहान 'ई'ची आडवी रेघ, लहान 'एन'चा दांड्याला मिळणारा जोड, मोठ्या 'एच'चा पूल, आणि 'एफ-आय'चा जोडटाइप. रेघ तुटकी असेल तर शाई कमी, अक्षरांची पोटं भरली असतील तर जास्त. प्रूफवर सही करणं सोपं नसतं. प्लेटा झाल्यावर बदल केला तर त्या फर्म्याची (एका तावावर एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांची) प्लेट नव्याने लागते आणि तो खर्च आपला. एक पूर्ण दिवस पान बाजूला ठेवून मग सही केली.

छपाई मेच्या शेवटच्या आठवड्यात झाली. हजर राहू का, असं मी आधीच विचारलं होतं. यंत्र सुरू झाल्यावरचे पहिले बरेच कागद शाई स्थिरावण्यात जातात, ते पाहून घाबरू नका. स्थिरावल्यावर यंत्रचालकाने एक ताव काढून टेबलावर पसरला. मी त्याला सबंध पानाच्या काळेपणाऐवजी फक्त 'ई' दाखवला. तो हसला, भिंग माझ्या हातून घेतलं, आणि शाई अगदी किंचित उतरवली. पुढच्या तावावर प्रस्तावनेचं पान जिवंत झालं. त्या माणसाच्या हातात जी जाण होती ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. प्रत्येक फर्म्याच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा ताव तो आपणहून बाजूला ठेवत गेला, आणि शेवटपर्यंत काळेपणा एकसारखा राहिला.

ई-पुस्तकात आम्ही बोडोनी अंतर्भूत केला नाही. परवान्याचा खर्च हे एक कारण. पण वाचणारा आपल्याला हवा तो टाइप आणि हवं ते माप निवडतो, आणि अनेकांच्या पडद्यांची घनता अशा रेघांना पुरत नाही, हे मोठं कारण. साध्या पडद्यावर १६ पिक्सेलच्या अक्षरात मोठ्या वळणाची रेघ पिक्सेलच्या सहाव्या हिश्शाएवढी असते. पडदा ती फिकट राखाडी करून दाखवतो आणि अक्षराचे तुकडे झाल्यासारखे दिसतात. संकेतस्थळावर म्हणून मथळ्यांनाच बोडोनी मोदा लावला, मापाप्रमाणे वळण आपोआप बदलण्याची सोय चालू ठेवली, आणि मजकुराला कमी तफावतीचा टाइप घेतला. फोनवर मथळे २८ पिक्सेलच्या खाली जाऊ दिले नाहीत. व्होग किंवा हार्पर्स बझार या फॅशन मासिकांची मुखपृष्ठं डोळ्यांसमोर ठेवून जे या टाइपाकडे येतात, त्यांनी लक्षात घ्यावं की तिथली अक्षरं हाताच्या पंजाएवढी असतात. हार्पर्स बझारसाठी अमेरिकन टाइपकार जोनाथन हॉफ्लरने १९९१ मध्ये दिदो केला तोसुद्धा वेगवेगळ्या मापांची वेगवेगळी वळणं देऊनच.

पुनर्मुद्रणाची वेळ येईल म्हणून एका जागी सगळं ठेवलं आहे: टाइपाच्या फाइली त्यांच्या आवृत्तीच्या क्रमांकासह, परवाना आणि कंपनीची पत्रं, कागदाचं नाव व वजन, शाईचा क्रमांक, तीन कागदांवरचे चाचणीचे तुकडे आणि यंत्रचालकाने पसंत केलेला ताव. मैत्रिणीच्या वयस्क वाचकांनी टिपा अर्धा पॉइंट मोठ्या हव्यात असं कळवलं आहे. लहान मापाचं वळण तेच ठेवून ८.५ पॉइंट केले तर टिपांची दोन पानं वाढतात, आणि शेवटच्या फर्म्यात तेवढी कोरी पानं आहेत.